रबराचे गळे

दुपारी एक ते चार या वेळात कोणाला मरायचंच झालं, तरी त्यानं चार वाजेपर्यंत कळ काढावी, अशी पुण्याच्या वारज्यातल्या महिपती वानखडे यांच्या सोसायटीची माफक अपेक्षा असते. २००६ सालच्या उन्हाळ्यात, अशाच एका सामसूम दुपारी, महिपतींच्या पत्नी शालनबाई यांना जाग आली ती गळ्यावरच्या बोटांनी.

बोटं नवऱ्याची होती. नवरा गाढ झोपलेला होता. बोटं दाबत नव्हती, काहीतरी शोधत होती. हनुवटीखालून सावकाश उतरली, कंठमण्यावरून घसरली आणि त्याच्या खालच्या बारीकशा खळग्यात येऊन थांबली. शालनबाई हलल्या नाहीत. सात वर्षांत त्यांना याची सवय झाली होती, म्हणजे भीती गेली नव्हती, किंचाळणं तेवढं गेलं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "सापडली का जागा?"

"सापडली," झोपेतच उत्तर आलं. "पण उशीर झाला."

जागेपणी महिपतींना यातलं काही आठवत नसे. एरवी माणूस इतका सरळ, की भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही स्वतःच ओशाळायचा. वाशीमकडचा शेतकऱ्याचा मुलगा, विसाव्या वर्षी सैन्यात गेला, वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट झाला. जखमींमध्ये आयुष्य काढलं. नव्या पोरांना तो एकच गोष्ट सांगायचा. "जो बोंबलतोय त्याला थोडा वेळ बोंबलू द्या, त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी पळा."

एकोणीसशे नव्याण्णवच्या जूनमध्ये, द्रासच्या वरच्या डोंगरात, तो असाच एका गप्प माणसाकडे पळाला होता. सकाळ झालेली, पण धुकं असं की पसरलेल्या हाताची बोटं दिसेनात. जवान दुसऱ्याच पलटणीचा होता. तोफगोळ्याच्या तुकड्यानं त्याचा जबडा नेला होता. बसलेला असता तर रक्त बाहेर तरी पडलं असतं. पण सोबत्यांनी मायेपोटी त्याला उताणं झोपवलं आणि सगळं रक्त घशात साचलं. नाकातोंडाची वाट बंद. अशा वेळी एकच उपाय उरतो. कंठमण्याखालच्या खळग्यात चीर द्यायची, नळी सरकवायची आणि श्वासाला नवं दार करून द्यायचं. हे काम डोळ्यांचं नाही, बोटांचं असतं.

महिपती डावखुरा. बोटं थंडीनं बधिर झालेली. पहिली चीर चुकली, दोन बोटं खाली आणि तिरकी गेली. रक्त आलं, वारा आला नाही. दुसरी बरोबर बसली. नळी आत गेली आणि तिच्यातून श्वास शीळ घालत येऊ-जाऊ लागला. चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि ते धुक्यात शिरले. दिसेनासे झाले तरी शीळ ऐकू येत होती. पहिल्या वळणापर्यंत ती आली आणि तिथं थांबली.

अंतरामुळे थांबली की त्या माणसाबरोबर थांबली? एवढंच महिपतींना कळलं नव्हतं. वरिष्ठांना त्यांनी एकाच चिरेबद्दल सांगितलं होतं. चुकलेली चीर त्यांनी गिळून टाकली आणि ती त्यांच्या घशात अडकून बसली. चौकशी करता आली असती, कोणी अडवलं नव्हतं. पण "गेला" हा शब्द ऐकायची छाती नव्हती. शूर माणसंही कधी कधी अशी भेकड असतात, आणि मला त्यांचा त्याबद्दल राग येत नाही.

निवृत्तीनंतर हिंजवडीच्या एका कंपनीत दारावर नोकरी लागली. तिथं येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी. काम पट्टीखालचा फोटो पाहण्याचं, पण महिपतींची नजर चार बोटं वर. दिवसाला बाराशे गळे! कुठं वण दिसतो का, एवढंच ते पाहत. शेवटी सृष्टी नावाच्या एका मुलीनं तक्रार केली. "सर, हे अंकल ना, रोज माझ्या गळ्याकडे बघतात. इट्स क्रीपी!" तिचं काही चुकलं नव्हतं. साहेबांनी महिपतींना पार्किंगमध्ये पाठवलं. तिथल्या वाहनांना गळे नसतात.

पण पार्किंगमध्ये वारा वाहिला की पायऱ्यांच्या बोळातून शीळ यायची. पहिल्या वळणापर्यंत यायची आणि थांबायची. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

मग मैत्री नावाच्या एका मुलीकडे काम मिळालं. मैत्री खडकीची, दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. चांगली संगणकावरची नोकरी सोडून तिनं वारज्यात एक शेड घेतली होती आणि तिथं ती सैन्यातल्या शिकाऊ पोरांसाठी रबराचे गळे बनवायची. आत प्लास्टिकची श्वासनलिका, वर रबराची कातडी, खाली हवेचा पंप. चीर बरोबर बसली की वारा बाहेर येतो. खऱ्या माणसाच्या गळ्यावर साचा घ्यायचा आणि त्यात कातडी ओतायची. महिपतींचं काम एवढंच, की डोळे मिटून गळा चाचपायचा आणि खऱ्यासारखा लागतो का ते सांगायचं. शेडमध्ये तारेवर चिमट्यांनी गळे लटकवलेले असत, धुणं वाळत घालावं तसे. पंखा लावला की सगळे एकदम हलायचे. पहिल्या दिवशी महिपती दारातूनच परत फिरले होते. शालनबाईंनी पुन्हा पाठवलं. "माझ्यापेक्षा त्या रबराला चाचपा," त्या म्हणाल्या, "त्याला काही झोपायचं नसतं."

त्या आठवड्यात नेहमीचा साचा तडकला. तो मैत्रीच्या भावाच्या गळ्याचा होता. तिनं मागं पडलेला दुसरा साचा वापरून नवी कातडी ओतली आणि ती अजून कोमट असतानाच महिपतींपुढे ठेवली.

त्यांनी डोळे मिटले. बोटं हनुवटीखालून निघाली, पण तिथं हनुवटी पुरती नव्हतीच. बोटं कंठमण्यावरून खाली आली. खळग्यात एक आडवा वण लागला. बोटं आणखी खाली सरकली, ती त्यांना आवरेनात. दोन बोटं खाली दुसरा वण होता. तिरका, डावखुऱ्या माणसानं ओढलेला.

कोमट रबराखाली काहीतरी धडधडत होतं. ती त्यांची स्वतःचीच नाडी होती, पण हे उमगायला बराच वेळ लागला.

"काका?" मैत्री म्हणाली. "ते वण ना? मी घासून काढते. म्हणूनच हा साचा बाजूला ठेवला होता."

"घासू नका." महिपतींनी गळा आपल्याकडे ओढून घेतला. "हा गळा कोणाचा? मेलेल्या माणसाचा साचा घेतला होता का?"

"छे हो! मागच्या वर्षी एक जण स्वतःहून आले होते. तोंडावर रुमाल बांधलेला, साचा घेतानाही सोडला नाही. फार घोगरं बोलत. म्हणाले, चेहरा राहू द्या, गळा घ्या. नाव लिहू दिलं नाही."

महिपतींनी पुन्हा हात ठेवला. वण जाड होते, उंचावलेले, वर्षानुवर्षं मुरलेले. मेलेल्याच्या जखमेवर वण धरत नाही, एवढं तरी त्यांना सैन्यानं शिकवलं होतं. वळणापलीकडेही तो माणूस श्वास घेत राहिला होता. निदान सहा वर्षं तो जेवत होता, चालत होता, इथं येऊन याच खुर्चीवर बसला होता.

"आणखी काही बोलले?"

मैत्रीनं आठवून पाहिलं. "मी विचारलं होतं, दोन वण कसे? तर म्हणाले, ज्यानं चीर दिली त्याचा हात थरथरत होता. एकदा चुकला, पण मला टाकून गेला नाही. पुढच्या पोरांना काय चुकायचं ते माझ्या साच्यावर चुकू दे."

पंखा फिरत होता. तारेवरचे गळे हलत होते. महिपतींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"खालचा वण माझा आहे," ते म्हणाले.

मैत्रीनं आधी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. तेव्हा महिपतींनी आपला डावा हात उचलून तिच्यापुढे टेबलावर ठेवला.