मी इथून बघते

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांचा छोटा बोर्ड घ्यायला मी माणिकपूरच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का, काकू?"

"माझ्यासाठी," म्हटलं.

त्याने दोन बोर्ड काउंटरवर ठेवले. "नव्याने शिकताय तर हा जुना घ्या. दणकट आहे, एखादी तार चुकली तरी सहसा जळत नाही. दुसऱ्यात वायफाय आहे, पण तो जरा नाजूक."

मला जुनाच हवा होता. कुंडीतली माती सुकली की बाल्कनीत लाल दिवा लागावा, एवढंच करायचं होतं. कुंडीत वटारच्या माझ्या माहेरचा मोगरा होता. वाडी विकली गेली, तिथे इमारती आल्या. वाडीचं म्हणून एवढं एकच झाड माझ्याकडे उरलं होतं.

दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. अमेरिकेतल्या तुम्हा दोघा नातवंडांतली थोरली म्हणाली, "आजी, वायफायवालाच घे. तुझा दिवा कोण बघणार? माझ्या फोनवर मातीच्या ओलाव्याचा आकडा येईल. मी इथून बघते ना."

त्या 'बघते'साठी मी वायफायवाला घेतला. एक जाळला, दुसरा आणला, कोड लिहिला, चालू केला.

मे महिन्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यात जाताना शेजारणीकडे किल्ली दिली. ती म्हणाली, "मोगऱ्याला रोज पानी घालू?"

"रोज नको, मुळं कुजतील. माती सुकली की नात तुम्हाला फोन करेल."

"अमेरिकेतून? बरं बाई."

परत आले तेव्हा कुंडीत काड्या होत्या. बोर्डावरचा बारीक दिवा इमानाने लुकलुकत होता. आकडे रोज जात होते. शेजारीण दारातच उभी राहिली. "फोनची वाट बघत बसले मी. मोठ्या मानसांचं ऐकलं, दुसरं काय."

थोरलीला विचारलं. "अगं, सारखे मेसेज यायचे, म्हणून म्यूट केलं होतं. आजी, दुसरं रोप आण ना."

आपल्या भाषेत 'बघते' म्हणजे सांभाळते. म्हातारीकडे कोण बघतं, असं लोक विचारतात, तेव्हा ते डोळ्यांबद्दल विचारत नसतात. तुमच्या 'बघते'चा अर्थ निराळा आहे, हे मला कुंडी सुकल्यावर कळलं.

चालता येऊ लागल्यावर मी तो जुना बोर्ड आणला. कुंडीत आता शेजारणीने दिलेली तुळस आहे. लाल दिवा तिच्या खिडकीकडे तोंड करून लावला आहे. तुम्हाला आकडा येणार नाही.