निवडलेला तरोटा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी तरोटा हा विषय घेतला तेव्हा आई म्हणाली, "बांधावर फुकटात उगवते, त्याच्यासाठी रोज घाटंजीहून यवतमाळले जाते काय?" तिला वाटलं होतं, मी एखाद्या औषधी झाडावर भारदस्त काहीतरी करत असेन. तरोटा म्हणजे पावसाळ्यात कुठेही माजणारं, गुरंही तोंड न लावणारं झुडूप. कोवळा असेपर्यंत भाजी करायची आणि पोळा झाला की त्याच्याकडे बघायचंही नाही, ही आमच्या घरची रीत.

पुस्तकं सांगत होती की तरोटा म्हणून आपण ओळखतो त्यात दोन वेगळ्या जाती आहेत, एकाच पूर्वजापासून फुटलेल्या. आपल्या भागात त्या दोन्ही आहेत का, एवढंच मला शोधायचं होतं. दोन महिने मी शेंगा मोजल्या, देठ मोजले. सावलीतलं रोप एक सांगायचं, मुरमातलं दुसरंच. माझ्या गाईड मॅडम मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सोमवारी एक तरी पक्का फरक दाखव. नाहीतर विषय बदलू." विषय बदलायचा म्हणजे वर्ष पाण्यात, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी मी गावाबाहेरच्या बांधावरून चाळीसेक रोपं मुळासकट उपटली. फुलं होती, शेंगा होत्या, सगळं हवं तसं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती घरी आणली, मोरीपाशी ठेवली आणि रद्दी आणायला गेले. रोपं वर्तमानपत्रात दाबून वाळवावी लागतात आणि आमच्या घरची रद्दी केव्हाच संपली होती.

तासाभराने परत आले तर आई ओसरीवर विळी घेऊन बसलेली. गोणपाट रिकामं. मुळं, फुलं, शेंगा, जे जे मला हवं होतं ते सगळं तिच्या बाजूला कचऱ्यात पडलेलं, आणि नुसते कोवळे शेंडे दोन परातींत.

"पोळा झाल्यावर कोणी तरोटा आणते काय?" ती म्हणाली. "सारा जून झाला. तरी निघाले बाप्पा थोडेसे शेंडे."

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी जे बोलले ते आठवलं की आजही मान खाली जाते. "तुले काही समजत नाही, आई. माहं अख्खं वर्ष घालवलं तू." शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू गेलं असणार.

आईने हातातला शेंडा हळूच परातीत ठेवला. विळी आडवी केली. "कधी नाही ते पोरीनं भाजी आणली घरी," ती म्हणाली, "म्हणून निवडली."

ती आत गेली. मी तिथेच बसून रडले. रडून झाल्यावर लक्षात आलं की परात एक नाही, दोन आहेत. आमच्या घरात एका भाजीला दोन पराती कधी लागत नाहीत.

"दोन परातीत काहून टाकली?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"एक गोडा आहे, एक उग्र," आतून उत्तर आलं. "उग्र दोन पाण्यानं उकळा लागते. सोबत कसा शिजवू?"

"तुले कसं समजते कोणता कोणता ते?"

ती बाहेर आली, दोन्ही परातींतलं एकेक पान चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. एकाला हिरव्या मुगाच्या शेंगेसारखा वास होता, दुसऱ्याला ओल्या गोठ्याचा. दोन महिने मी शेंगा मोजत होते आणि एकदाही वास घेतला नव्हता. मी भिंग आणलं. तरोट्याच्या पानात छोट्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये नारिंगी, टाचणीच्या टोकाएवढा दाणा असतो. उग्र परातीतल्या प्रत्येक पानात असा एकच दाणा होता. गोड्या परातीत प्रत्येकात दोन. मी सगळे शेंडे पाहिले. कुठेही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्या स्कूटीवर मागे बसून बांधावर आली. ती पान चुरगाळून "गोडा" नाहीतर "उग्र" म्हणायची, मी भिंगाखाली दाणे मोजायचे. एकदाच आमचं जुळलं नाही. पुन्हा पाहिलं तर मीच चुकले होते. या दोन्ही जाती एकाच मुळातून आल्या, फार जुन्या काळी वेगळ्या झाल्या, असं मी सांगितलं तेव्हा तिने दोन रोपं शेजारी शेजारी धरून पाहिली.

"म्हणजे बहिणी. तरी एका बांधावर राह्यतात," ती म्हणाली. "आम्ही बहिणी तं एक नेरले दिली, एक इकडे."

रोपं मात्र तिने या वेळी एकेक मुळी सांभाळून उपटली, माती झटकली आणि एकही पिवळं पान तोडलं नाही. तोडायला हात शिवशिवत होता, ते दिसत होतं.

सोमवारी रोपं पुरती वाळलीही नव्हती, तरी मॅडमनी एकेक कागद भिंगाखाली धरला. अशा दाबलेल्या रोपाच्या कागदावर खाली एक चिठ्ठी असते. कुठे सापडलं, कोणी गोळा केलं, कोणी ओळखलं. शेवटच्या ओळीत तज्ज्ञाचं नाव येतं. मॅडम तिथे थांबल्या. "हे कोण?"

"माझी आई."

त्यांनी लाल पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपण लावून ठेवून दिलं.

संध्याकाळी मोबाइलवर काढलेला त्या कागदाचा फोटो मी आईला दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला आणि चिठ्ठीतलं स्वतःचं नाव सावकाश वाचलं.

"मले तं काही समजत नाही नं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "चुकलं माहं, आई."

तिने मोबाइल मला परत दिला आणि फडताळातून दुसरी परात काढली. "चाल, मेथी आणली आहे. बस निवडाले."