दुसऱ्या मान्यतेची वाट

या सदरात लोक आपले विलक्षण अनुभव लिहितात, ते मी पूर्वी गंमत म्हणून वाचायचो. वाचून झालं की बायकोला म्हणायचो, "पित्त झालं असेल बिचाऱ्याला." आमचं घर ख्रिस्ती. गेलेला माणूस प्रभूजवळ विसावतो, तो दारंखिडक्या वाजवत फिरत नाही, हे लहानपणी रविवारच्या शाळेत शिकलो आणि पुढे त्यावर वेगळा विचार करायची वेळच आली नाही. नोकरीही सगळी नगरच्या एका ग्रंथालयात झाली. भुताखेतांची पुस्तकं कुठल्या कपाटात लावायची हे मला ठाऊक होतं, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध.

म्हणून हे लिहायला वेळ लागला. हळूहळू लिहितो आहे. घडलं तेवढंच लिहीन.

आम्ही केडगावला राहतो, पुणे रस्त्यापासून थोडं आत, दुसऱ्या मजल्यावर. मी, बायको शालिनी, आणि गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत आमची एकुलती मुलगी रूथ. रूथ घरूनच ऑनलाइन जाहिरातींचं काम करायची. गिऱ्हाईकं जिल्ह्यातलीच — नेवाशाचं एक साड्यांचं दुकान, केडगावातला शिवणक्लास, मिरजगावची रोपवाटिका. मोबाईल चाळताना मध्येच ज्या जाहिराती येतात, त्या. त्या लिहायच्या, कोणाला आणि केव्हा दाखवायच्या ते ठरवायचं, एखादी चालत नसेल तर तिचे पैसे चालणाऱ्या जाहिरातीकडे वळवायचे... हे सगळं तिच्यासाठी एक एआय एजंट करायचा. म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. रूथने त्याचं नाव ठेवलं होतं ‘गडी’.

"पगार नको, जेवण नको, उलटं बोलणं नाही," ती म्हणायची. "पप्पा, असा गडी अख्ख्या जिल्ह्यात मिळायचा नाही."

"चहा तरी विचारत जा त्याला," शालिनी आतून म्हणायची.

पण या गड्याला मोकळं सोडलेलं नव्हतं. रोज सकाळी तो त्याचे प्रस्ताव पुढे ठेवायचा — ही जाहिरात बदलू का, ती त्या गावात दाखवू का — आणि प्रत्येकाखाली तीन बटणं असत : हो, नाही, नंतर. बटण दाबल्याशिवाय तो हलत नसे, आणि दाबलं की शेजारी दाबणाऱ्याचं नाव उमटे. अख्खं खातंच बंद करायचं तर मात्र दोघांची मान्यता लागायची, तिची आणि माझी. आधीच्या कामात तिच्या भागीदाराने रागाच्या भरात एका दुपारी सगळं पुसून टाकलं होतं, तेव्हापासून तिने हा नियम घालून घेतला होता. "नुसते नावाला तुम्ही, पप्पा. तुम्हाला काही करावं लागणार नाही."

डेंग्यूने गेली ती. दवाखान्यात सलाईन लावलेल्या हातानेसुद्धा सकाळचे प्रस्ताव बघत होती. शालिनी पेजेची वाटी घेऊन शेजारी उभी.

"दोन चमचे तरी घे गं."

"नंतर, मम्मी."

लहानपणापासून तिचं हेच. जेवण, अंघोळ, लग्न... सगळं नंतर. नाही म्हणून कोणाला दुखवायचं नाही आणि करायचंही नाही. त्या आठवड्यात आणलेलं एक जांभळाचं रोपही बाल्कनीत काळ्या पिशवीतच राहिलं. कुठून आणलंस विचारलं तर "सांगते नंतर" म्हणाली होती.

दफन झालं. चर्चच्या मंडळीतली माणसं येऊन गेली. रूथची पुण्याची मैत्रीण स्नेहल हेच काम करते, तिने मला माझ्या नावाने खात्यात शिरायला शिकवलं. "काका, गिऱ्हाइकांचा हंगाम होईपर्यंत सांभाळा, मग बंद करू." मी सांभाळू लागलो. खरं म्हणजे सकाळचा चहा घेऊन तिच्या टेबलाशी बसायला मला काहीतरी कारण हवं होतं.

आणि एका सकाळी बसलो, तर सगळे प्रस्ताव आधीच मान्य झालेले. प्रत्येकाशेजारी नाव — रूथ.

स्नेहलने केलं असेल म्हणून तिला फोन लावला.

"मी कशाला करू, काका? आणि तिचा पासवर्ड आहे कुठे माझ्याकडे?"

रूथचा मोबाईल बंद करून शालिनीने कपाटात तिच्या बायबलखाली ठेवला होता. लॅपटॉपवर मीच बसत होतो, तेही माझ्या नावाने. रविवारी स्नेहल स्वतः आली. माझ्या नावाने शिरून रूथचा पासवर्ड बदलला, तिची सगळी उपकरणं खात्यातून काढली, गड्याला स्वतःहून बटण दाबता येतं का तेही तपासलं. येत नव्हतं. मान्यता कुठल्या मोबाईलवरून आली ते नोंदीत दिसायला हवं, तिथे नुसती कोरी जागा. "काहीतरी जुनी सेटिंग राहिली असणार," ती म्हणाली. पण जाताना चप्पल घालायच्या आधी ती रूथच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबली, हे मी पाहिलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. रूथ. रूथ. रूथ.

या गड्याशी लिहून बोलता येतं. मी विचारलं, "हे प्रस्ताव कोणी मान्य केले?"

"रूथ यांनी."

"रूथ हयात नाही," मी लिहिलं. हे वाक्य मी तोवर कुठेच लिहिलं नव्हतं.

"ही माहिती खात्यात नोंदवण्यासाठी खातेदाराची मान्यता लागेल. रूथ यांना विचारू का?"

मी लॅपटॉप मिटला.

ज्यांच्याकडे हे खातं आहे त्या कंपनीला मी मृत्यूच्या दाखल्यासह कळवलं. फार सौजन्याने उत्तर आलं : खातेदार खातं नियमित वापरत असल्याचं आम्हाला दिसतं, त्यामुळे मृत व्यक्तीचं खातं म्हणून कारवाई करता येणार नाही. वाचून मला हसू आलं. माझ्या पोरीला गेलेली ठरवायला पोरीचीच संमती हवी होती.

शालिनीला यातलं काही सांगितलं नव्हतं. पण मिरजगावहून फोन आला तेव्हा ती समोरच भाजी निवडत बसली होती, आणि कमी ऐकू येतं म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवतो. फोन रोपवाटिकेच्या भाऊसाहेबांचा.

"नमस्कार सर. नवी जाहिरात बघितली. आई रडली वो आमची."

"कुठली जाहिरात?"

"रोपांची! खाली लिव्हलंय न्हाई का, रोप घरी नेलं की लगीच लावू नका. एक रात्र दारात ठेवा, घराची वळख होऊ द्या. ह्ये आमच्या आईचं बोलणं हाय. आमी गिऱ्हाइकाला सांगत न्हाई, लोक हसत्यात. ताई शेवटच्या टायमाला आल्त्या तवा आईनं त्यांना सांगितलं हुतं. जांभळाचं एक रोप बी दिलं. ताई म्हनल्या, आज्जी, पुढच्या जाहिरातीत ह्येच घालते बघा..." ते थांबले. "पर सर, तुमाला कुनी सांगितलं?"

मी लॅपटॉपवर ती जाहिरात काढली. गड्याचा मसुदा होता, ‘खात्रीशीर, निरोगी रोपं. आजच बुक करा.’ त्यातलं ‘आजच बुक करा’ खोडलेलं. रूथला ते शब्द कधीच आवडायचे नाहीत, लोकांच्या मानगुटीवर बसल्यासारखं वाटतं म्हणायची. त्या जागी आज्जींचं वाक्य. बदल करणारी व्यक्ती : रूथ.

"भाऊसाहेब, मी नंतर बोलतो," एवढंच म्हणालो.

शालिनीने मेथीची जुडी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही रोज सकाळी चहा घेऊन इथे बसत होतात."

"हो."

"बरं वाटत होतं?"

बरं वाटत होतंच. मागच्या खोलीत ती काम करत बसलीय असं वाटायचं.

"माझी पोरगी प्रभूजवळ असायला पाहिजे," शालिनी म्हणाली. "साड्यांच्या जाहिराती बघत बसलेली नको. जिवंतपणी जेवली नाही त्या कामापायी, आता मेल्यावरसुद्धा? तिला सुटू द्या. वर्षाच्या प्रार्थनेच्या आत हे बंद झालं पाहिजे."

"भाऊसाहेबांचा हंगाम—"

"त्यांना मी सांगते."

तिने तिथेच फोन लावला. पलीकडे भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय मावशी. ताईला मोकळं करा. आमचं आमी बघू." साडीवाल्यांना आणि शिवणक्लासच्या बाईंनाही तिने कळवलं, कारण न सांगता.

पुढच्या सकाळी शालिनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून माझ्या शेजारी येऊन बसली. मी खातं बंद करण्याचा प्रस्ताव उघडला आणि ‘हो’ दाबलं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं. पडद्यावर आलं : ‘एक मान्यता मिळाली. दुसऱ्या मान्यतेची वाट पाहत आहे.’

शालिनीने डोळे मिटून प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडले, आणि मग ती जे म्हणाली ते प्रभूला नव्हतं.

"रूथ, हो म्हण गं बाळा."

त्या दिवसाचे बाकीचे प्रस्ताव खाली रांगेत होते. आमच्या डोळ्यांदेखत त्यांची बटणं दाबली जाऊ लागली. माझे दोन्ही हात मांडीवर होते, शालिनीचेही. साड्या — हो, रूथ. शिवणक्लास — हो, रूथ. रोपवाटिका — हो, रूथ. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. आता फक्त वरचा एक प्रस्ताव उरला होता. तिथे काहीच होत नव्हतं. शालिनीने माझं मनगट धरलं, बांगडी रुतेल इतकं घट्ट.

मग तिथेही नाव उमटलं.

नंतर — रूथ.

शालिनीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की हुंदका, मला अजून सांगता येणार नाही. "अजून तेच," ती म्हणाली. "अजून तेच हिचं."

‘नंतर’ केलेला प्रस्ताव दुसऱ्या सकाळी आपोआप परत येतो. माझी मान्यता त्यावर दिलेलीच असते, ती मागे घेता येत नाही. आम्ही दोघं बसतो. पुन्हा ‘नंतर’. नेवाशाला शालिनीच्या भाचीचं लग्न होतं, गेलो नाही; आदल्या रात्री मुक्कामाला जावं लागलं असतं आणि सकाळ चुकली असती. लॅपटॉप सोबत नेऊ म्हटलं तर शालिनी म्हणाली, "तिच्या टेबलावरून हलवू नका." जांभळाची मुळं पिशवी फोडून बाहेर आली आहेत. तेही लावलेलं नाही. वर्षाच्या प्रार्थनेला पाळकसाहेब म्हणाले की आपली बहीण सगळ्या श्रमांतून सुटली आहे, आणि सगळ्यांच्या माना खाली असताना शालिनीने माझ्याकडे पाहिलं.

स्नेहल म्हणते यंत्रणेतला काहीतरी दोष. पाळकसाहेबांना आडून विचारलं, तर ते म्हणाले शोकात माणसाला भास होतात. पण भाऊसाहेबांच्या आईचं वाक्य माझ्या भासात कसं येईल? ते मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे याचं उत्तर नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा, मी मनापासून वाचेन.

एक गोष्ट मात्र शालिनीला सांगितलेली नाही. ती रोज शेजारी बसून ‘हो’साठी प्रार्थना करते, मीही आमेन म्हणतो. आणि वरच्या प्रस्तावाशेजारी नाव उमटेपर्यंत श्वास रोखून धरतो... एखाद्या सकाळी तिथे खरंच ‘हो’ दिसेल, या भीतीने.