आपली रद्दी, त्यांचं मशीन

कारखाना काढायचा म्हटलं की लोक आधी नाव ठरवतात, मग पाटी रंगवून घेतात, आणि सगळं झाल्यावर माझ्या दादाला विचारायला येतात, "साहेब, हे चालेल ना?" चालेल की नाही हे तपासण्यातच त्याची सगळी नोकरी सरली. पाणी कसलं आहे, वीज किती वेळ टिकते, माल मशीनला मानवतो का, सगळं पाहायचा आणि बहुतेकदा नाही म्हणायचा. ऑफिसात त्याला 'ब्रेक' म्हणत. पण त्याचं ऐकून कुणी थांबलं, असं मला तरी आठवत नाही. या माणसाला त्याचा साधा रागही यायचा नाही. त्याच्या वाटचं चिडायचं काम मीच करत आले.

त्याची एक खोड होती. मशीन विकणाऱ्याने दाखवलेला नमुना तो हातातसुद्धा घ्यायचा नाही. "माल आपला घालायचा, मग बघायचं," म्हणायचा आणि गाडीच्या डिकीतून पोतं काढायचा. आम्ही लग्नाला निघालो तरी डिकीत कुणाची तरी माती नाहीतर भुसा असायचाच. माझ्या चांगल्या कपड्यांना कायम भुशाचा वास.

त्याच्या मुलाने, माझ्या भाच्याने, रद्दीच्या लगद्यापासून अंड्यांचे ट्रे करायचं ठरवलं, तेव्हा वहिनीने धसकाच घेतला. बापाला विचारणार म्हणजे बाप नाही म्हणणार, आणि मग घरात महाभारत. तिने मलाही त्यांच्याबरोबर मशीनवाल्याकडे पिटाळलं. भांडणं लागली तर आत्याने सोडवायची, एवढ्यासाठी.

मशीनवाल्याने ट्रे असे देखणे काढून दाखवले की भाचा हरखूनच गेला. दादाने फक्त विचारलं, "हा लगदा कशाचा?"

"छापखान्यातल्या कोऱ्या कातरणांचा."

झालं. डिकीतून पोतं आलं. आमच्या बाजारातली रद्दी ती, नुसती खोकी, त्यांवर चिकटपट्ट्या आणि चकचकीत थर. तिचा लगदा केला, साचा बुडवला, आणि थोड्याच वेळात साच्याच्या जाळीवर पट्ट्यांचे तुकडे जाऊन बसले. पाणी निथळेना, ट्रेला भोकं पडायला लागली. मशीनवाला हसून म्हणाला, "ते काय, होईल अ‍ॅडजस्ट." हे वाक्य दादाने इतक्या वेळा ऐकलंय की त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"आपल्या रद्दीवर हे मशीन चालणार नाही," घरी आल्यावर त्याने सांगितलं.

भाचा म्हणाला, "बाबा, मी नोकरीचा राजीनामा दिलाय. मशीनची ऑर्डरही गेलीय."

"मग मला नेलंस कशाला?"

"वाटलं, बघून तरी हो म्हणाल. सगळ्या जगाला नाही म्हणता, निदान घरच्याला एकदा हो म्हणा ना!"

मला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. एकाने ठरवून झाल्यावर विचारलं, आणि दुसऱ्याला दोन गोड शब्द बोलायला जड झालं. वहिनी उठून आत गेली.

मशीन आलं, भाड्याच्या शेडमध्ये बसलं. दादा त्याच सुमाराला निवृत्त झाला होता. पहिल्याच दिवशी तो न बोलावता शेडमध्ये गेला, रद्दीच्या ढिगाशेजारी स्टूल ओढलं आणि बोथट सुरीने एकेका खोक्यावरची पट्टी सोलायला लागला. चकचकीत थराचं खोकं नखाने खरवडून ओळखायचा आणि बाजूला फेकायचा. तो रोज जायला लागला. बोटांना चिरा पडल्या, वहिनी रोज मलम लावायची आणि रोज बडबडायची.

मशीन मात्र चालत राहिलं. ट्रे खपायला लागले. नातेवाइकांना तर चेवच आला. ब्रेकचा अंदाज या वेळी सपशेल चुकला म्हणाले. मीही सोडलं नाही. "काय रे दादा, चालतंय की!" तो नुसता "हं" म्हणाला.

मग भाच्याच्या डोक्यात दुसरं, मोठं मशीन शिरलं. या वेळी तो आधी विचारायला आला, रीतसर. "तुमच्याच पद्धतीने तपासा बाबा. आपली रद्दी आहे, डोळ्यांसमोर चालतंय. आता तरी नाही म्हणू नका."

"बघू," दादा म्हणाला. दादा आणि बघू! जन्मात हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. तो आठवडे न् आठवडे बघतच राहिला, आणि पोरगा झुरत राहिला. "एकदाचं काय ते बोल ना, कशाला छळतोस त्याला?" म्हणून मी कावले, तरी हा आपला मूग गिळून गप्प.

शेवटी त्याची कंबर धरली. पलंगावरून उठता येईना. भाच्याने त्या स्टुलावर एक माणूस बसवला, तो दुपारीच उठून गेला. दुसरा आणला, तोही टिकला नाही. पगार घेऊनही दिवसभर कोण पट्ट्या सोलत बसणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा कोपरापर्यंत लगद्याने माखलेला घरात शिरला, तो थेट पलंगापाशी.

"दिवसभर नुसती जाळी धुतोय! एक ट्रे धड निघाला नाही. तुम्ही दोन दिवस नाही आलात, तर लगेच..." आणि तिथेच अडकला.

"आयुष्यभर लोकांना सांगत आलो, चाचणी चालू असताना मध्ये हात घालायचा नाही," दादा म्हणाला. "आणि मीच घालून बसलो. मशीन चालत नव्हतं रे, तुझा बाप चालत होता. दुसरं मशीन घेशील, दुसरा बाप कुठून आणशील?"

"मग बसलात कशाला तिथे?" भाचा ओरडला. "पहिल्याच दिवशी बंद पडू द्यायचं होतं!"

दादाने महाकष्टाने कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"बघवलं नसतं," तो म्हणाला.