जिन्याखालचा कापूस

शके १७८५, पौष शुद्ध पंचमी, सकाळ. मुक्काम अमरावती. हजर: मी (घरमालक), माझी बायको, माडीवरचे भाडेकरू करीमभाई पिंजारी, आणि घराचा लाकडी जिना. त्यांपैकी धड आम्ही तिघेच होतो.

जिन्याची चौथी पायरी दिवाळीपासून सडली होती.

“मालक, पायरी कुरकुर करून राहिली,” करीमभाई दर आठवड्याला सांगत.

“यादीत हाय, करीमभाई. आंधी छपराचे कवेलू, मंग विहिरीचा रहाट, मंग जिना.”

“कवेलू कोठी पळून चाल्ले? मी पडीन ना इथून!”

“यादी म्हंजे यादी!”

(सुतार मिळत नव्हता हेही खरं. दूरदेशीच्या लढाईमुळे तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता की गावातले झाडून सारे सुतार कापसाच्या गाड्यांना चाकं ठोकत होते.)

कापूस तर आमच्याकडेही देवघर सोडून सगळीकडे होता. त्यावरून मला युक्ती सुचली! उरलेला कापूस मी जिन्याखाली मोकळा रचला, छातीइतका उंच.

“आता पडले तरी गादीवर पडान!”

करीमभाई हसले. “गाद्या भरायचा धंदा माहा, अन् गादी तुमी देऊन राहिले?”

बायको हसली नाही. “अवं, एक फळी ठोका ना! तेवढ्याले सुतार कायले पायजे?”

पंचमीच्या सकाळी दलाल गाड्या घेऊन दारात आला. भाव उतरायच्या आत मी सगळा कापूस काढला. जिन्याखालचाही! शिवाय ती जागा झाडून लख्ख केली. करीमभाई माडीवर होते. त्यांना हाक मारून सांगायचं राहिलं.

ते कापूस पिंजायची कमान खांद्याला लावून उतरले आणि पायरी मोडली. खाली कापूस आहे या भरवशावर त्यांनी कठड्याला हात घातलाच नाही. तिची ताणलेली तात तुटू नये म्हणून डाव्या हातानं कमान उंच धरली आणि उजव्या हातावर आपटले. कमानीला ओरखडाही नाही!

मी धावलो. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

“बघून उतराचं ना, करीमभाई!”

ते जमिनीवर हात फिरवत होते. “मालक, कापूस कोठी गेला?”

भातकुलीच्या वैदूनं हाड बसवलं, पण मनगट वाकडंच राहिलं. पिंजाऱ्याला तातेवर ठोका उजव्या हातानं मारावा लागतो. होळीपर्यंत ते प्रयत्न करत राहिले. आम्ही खाली बसून ऐकायचो. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही. बायको जेवता जेवता उठून जायची.

होळीनंतर ते अकोल्याला लेकीकडे गेले.

पायरी मी दुसऱ्याच दिवशी स्वतः बसवली होती. एक सागवानी फळी, सहा खिळे. ताटातली भाकरी निवायच्या आत काम झालं!

एक काम बाकी आहे. अकोल्याला जाऊन म्हणायचं, “करीमभाई, चूक माही होती.” गाडी आहे, बैल आहेत, वाट पाठ आहे. दोनदा निघालोही. दोन्ही वेळा बडनेऱ्याला थांबलो, फुटाणे घेतले आणि माघारी फिरलो.

“भेटले का?” बायकोनं विचारलं.

“बैल थकले,” मी म्हणालो.

तिनं बैलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वैरण माझ्यापुढे टाकली!