पूर्ण एक मिनिट

बावीस वर्षं वॉर्डात काढून ट्यूटरबाई नर्सिंगच्या शाळेत शिकवायला आल्या, त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती. मुलींच्या मूल्यमापनाचे कागद त्यांच्याकडे सहीला येत. सिस्टरनं प्रत्येकीचं काम समोर उभं राहून बघायचं आणि मग गुण द्यायचे, हा नियम. पण वॉर्डात सिस्टरला मान वर करायला फुरसत नसे. सहामाही सरली की चहा पिता पिता एका बैठकीत गठ्ठा भरून व्हायचा. सगळ्यांना दहापैकी आठ.

यंदा एकीला मात्र चार होते. वॉर्डात तिला गोगलगाय म्हणत. चारावर बाईंची सही झाली, की पोरीची अख्खी सहामाही पुन्हा.

बाई कागद घेऊन तडक वॉर्डात गेल्या. तिथली सिस्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

"हिचं चुकतं काय गं?"

"चुकत नाही हो, संपत नाही!" सिस्टर औषधांचा ट्रे लावत म्हणाली. "बाकीच्या मुली वीस पेशंट उरकून मोकळ्या होतात, ही आपली पाचव्याच खाटेपाशी."

"काम करताना बघितलंस तिला?"

"मला काय चार हात आहेत, बाई?"

बाईंनी खाटांना लटकवलेले तक्ते वाचले. ताप निरनिराळा, नाडी निरनिराळी, श्वास मात्र जवळजवळ प्रत्येकाचा मिनिटाला वीस. दम्याच्या आजोबांचाही वीस! वेगळे आकडे फक्त पाच खाटांवर होते, आणि तिथं सही गोगलगाईची.

बाईंनी बाह्या सरसावल्या. "अर्धा तास वॉर्ड माझा. तू खुर्ची घे आणि नुसती बघ."

"इंजेक्शनं द्यायला हात वळतो ना अजून?"

"तुझ्यावर करून बघू?"

गोगलगाय सहाव्या खाटेशी होती. तिनं नाडी मोजली, पण मनगट सोडलं नाही. श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस तो नकळत सावरतो. म्हणून बोटं तिथंच, नजर मात्र वरखाली होणाऱ्या चादरीवर. पूर्ण एक मिनिट.

"बत्तीस," ती हळूच म्हणाली.

सकाळी दुसऱ्या मुलीनं लिहिले होते वीस.

"मी ठणठणीत आहे," पेशंट म्हणाला, पण एका दमात नाही. सिस्टर तोवर खुर्चीतून उठली होती. तिनं ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासून औषध बदललं, आणि घटकाभरानं त्याचा श्वास शांत झाला.

हात धुऊन सिस्टर टेबलाशी आली. चार खोडून तिनं नऊ केले.

"दहा का नाही?" बाईंनी विचारलं.

"वेग वाढवू दे की जरा!"

बाईंनी हसत सही केली आणि उरलेला गठ्ठा पुढे सरकवला. सिस्टरनं वरचा आठ बघितला, खालचा आठ बघितला.

"कोरे कागद आहेत का, बाई?"

"आहेत. रोज एक मुलगी, अर्धा तास. तेवढा वेळ वॉर्ड मी सांभाळते."

"मग उद्या आधी आज सकाळची ती वीसवाली," सिस्टर म्हणाली.