पेढ्याची परवानगी

"एनओसी-बिनोसी आता काही नसतं, मॅडम. ते इल्लीगल आहे," वागळे इस्टेटच्या ऑफिसात बसलेला कंपनीचा एरिया मॅनेजर मला म्हणाला, आणि त्याच दमात पुढे म्हणाला, "फक्त एकदा अध्यक्षांना पेढे देऊन या."

मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण उठणार कशी? शहाडला गाळा घेतलेला, औषधांचा मोठा फ्रीज आलेला, होलसेलचं लायसन भिंतीवर लागलेलं. डोंबिवलीतल्या मेडिकलमधली अठरा वर्षांची नोकरी सोडून मी इन्सुलिनची एजन्सी घ्यायला निघालेले. आमच्या सगळ्या पट्ट्यात त्या कंपनीचा माल दुकानांना पुरवणारा एकच स्टॉकिस्ट होता. त्याच्याकडचा माल संपला की आमच्या काउंटरवरून म्हातारी माणसं रिकाम्या हाताने परत जायची. आम्ही काय सांगायचो, तर "वरूनच येत नाही." अठरा वर्षं मी हे एकच वाक्य बोलले. दुसरा स्टॉकिस्ट आला तर माल तुटणार नाही, दुकानदाराला जरा बरा भाव मिळेल आणि त्यातून तो गिऱ्हाइकाला सूट देईल, एवढं साधं माझं म्हणणं होतं.

पूर्वी नव्या स्टॉकिस्टला केमिस्टांच्या संघटनेचं ना-हरकत पत्र, म्हणजेच ती एनओसी, लागायची. पत्र नाही तर कंपनी एजन्सी देत नसे, आणि दिलीच तर एकही दुकानदार त्याचा माल उचलत नसे. मग दिल्लीहून तंबी आली की हे स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. पत्र बंद झालं. संघटनेने तर कल्याणच्या ऑफिसात अध्यक्षांच्या खुर्चीमागे फ्रेम करून पाटीच लावली, 'नवीन स्टॉकिस्टला आमच्या परवानगीची गरज नाही'. सोनेरी चौकटीची पाटी! आणि त्या पाटीखाली बसून नवी पद्धत सुरू झाली. नव्या माणसाने पेढे घेऊन जायचं. कमिटी बसलेली असते. अध्यक्षांनी पेढा तोंडात टाकला की होकार, डबा बाजूला सरकवला की नकार. सही नाही, शिक्का नाही, मेसेज नाही. साप मेला नाही आणि काठीही मोडली नाही, दोघं मजेत.

मला मात्र काळजी नव्हती, कारण अध्यक्ष म्हणजे आमचे काका. सख्खे नव्हेत. ज्यांच्या दुकानात मी अठरा वर्षं उभी राहिले ते मालक. औषधाच्या चिठ्ठीवरचं डॉक्टरचं अक्षर वाचायला मला कॉलेजने नाही, त्यांनी शिकवलं. माझ्या मुलीच्या बारशाला पायात चांदीचे वाळे घातले ते त्यांनी. आणि रोज सकाळी अकराला त्यांचं बोट टोचून शुगर बघायचे ती मी. काकू तर म्हणायच्या, "माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, तूच बघ बाई."

गेले मी पेढे घेऊन. पाच-सहा जणांची कमिटी, सगळे ओळखीचे. काकांनी डबा उघडला, पेढा उचलला, तोंडाजवळ नेला. आणि माझा हात आपोआप पुढे गेला हो! मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "काका! आज शुगर किती आहे?"

अठरा वर्षांची सवय. दुसरं काही नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं, पेढा परत डब्यात ठेवला आणि झाकण लावून डबा बाजूला सरकवला. "बघा, पोरीला किती काळजी," ते म्हणाले. सगळे हसले. मी आनंदात घरी आले, वेडी कुठली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन. "मॅडम, त्यांनी पेढा खाल्ला नाही म्हणे."

"अहो, त्यांना डायबेटीस आहे! मीच नको म्हटलं!"

"हो, पण खाल्ला नाही ना."

मी त्याला म्हटलं, हेच मला मेलवर लिहून पाठवा. तर म्हणाला, "कॉलच करत जा मॅडम, लिहायचं नको. आम्हाला ट्रेनिंग असतं." कसलं ट्रेनिंग? तर कायद्याचं. स्पर्धेचा कायदा आल्यावर कंपनीने माणसं बसवून शिकवलं, की मेलमध्ये कुठले शब्द लिहायचे नाहीत. वागायचं कसं ते नाही शिकवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच काकांच्या दुकानात गेले. तेच काउंटर, तेच स्टूल. म्हटलं, "काका, चेष्टा पुरे. तुम्हाला माहितीये मी का थांबवलं."

"अगं, मी कुठे नाही म्हटलं? आमच्याकडे परवानगीच नसते. पाटी वाचलीस ना?"

"काका!"

मग जरा आवाज खाली आला. "मी उचललेला गं पेढा. तू हात धरलास. कमिटीसमोर झालं ते झालं. आणि तू ती सूट-सूट करत सगळीकडे बोलत फिरलीस. एकाने सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. लोक मला विचारतात, तुमचीच मुलगी ना ही?"

"मग आता खा. आहे डबा पिशवीत."

"इथे खाल्लेला चालत नाही."

चालत नाही म्हणे! म्हणजे त्या पेढ्यालाही नियम होते. कायद्याला नव्हते तेवढे. मी त्या दिवशी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, काकांवर पहिल्यांदा ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. काका चिठ्ठ्या लावत बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार?

सांगायचा प्रयत्न केला. कोलशेतला राहणाऱ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाल्या, "कायदा अगदी तुमच्या बाजूने आहे. पुरावा काय?" माझ्याकडे पत्र नव्हतं, मेसेज नव्हता, रेकॉर्डिंग नव्हतं. मिठाईवाल्याची पावती होती. "यांनी माझा पेढा खाल्ला नाही, अशी तक्रार मी लिहू कशी?" त्या म्हणाल्या. त्यांची चूक नव्हती, पण मी त्यांच्यावरही चिडले.

तीन महिने मी शहाडला जात होते. फ्रीज रिकामा होता, पण औषध खात्याचा नियम आहे, फ्रीजचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ रजिस्टरमध्ये लिहायचं. चार डिग्री. पाच डिग्री. चार डिग्री. कोणाला विकायचं नाही, काही ठेवलेलं नाही, तरी मी लिहीत होते, कारण उद्या इन्स्पेक्टर आला तर माझं लायसन जायला नको. मी एकटीच होते कायदा पाळणारी, आणि काय पाळत होते तर रिकाम्या फ्रीजची थंडी. एकदा शेजारच्या गाळ्यातली एक आजी विचारायला आली, "बाय, इन्सुलिन हाय का?" मी म्हणाले, वरूनच येत नाही. बोलले आणि माझीच जीभ चावली.

चौथ्या महिन्यात मी परत पेढे घेतले. त्याच दुकानातून, तेवढेच.

तीच कमिटी, तीच पाटी. या वेळी मी डबा त्यांच्यासमोर ठेवला नाही, स्वतःच उघडला. काकांचा चेहरा उतरलेला दिसत होता, ओठ कोरडे पडलेले. मला बघूनच कळलं. तरी ते म्हणाले, "सकाळी तीनशेच्या वर होती गं. तू गेल्यापासून वेळेवर कोण टोचतंय?" मग हसले. "काय करू? राहू दे का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या पेढ्याचा निर्णय त्यांनी माझ्यावर टाकला होता. मी 'राहू द्या' म्हटलं असतं तर ते डबा सरकवणार, आणि परत माझाच दोष.

"आणि ते सूट द्यायचं खूळ गेलं ना डोक्यातून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. होय म्हणून हलवली, कोणाला शंका राहणार नाही अशी. मग पेढा उचलला आणि माझ्या हाताने काकांना भरवला. अख्खा. त्यांनी सावकाश चावून खाल्ला. डोळे मिटले, खूप दिवसांनी गोड खाणारा माणूस मिटतो तसे.

"दुसरा दे," ते म्हणाले.

मी दिला.

"आता शुगर वाढली तर वाढली," काका कमिटीकडे वळून म्हणाले, "इन्सुलिन आता हिच्याकडेच मिळणार!"

सगळे हसले. मी जिना उतरायच्या आत मॅनेजरचा फोन आला, "अभिनंदन मॅडम." आज माझा फ्रीज भरलेला असतो. माल तुटत नाही, एवढं खरं. सूट कोणीही देत नाही, मीही नाही. शेजारची आजी छापील भावाने घेऊन जाते आणि मला आशीर्वाद देते. मला काकांचा राग येतो, त्या मॅनेजरचा येतो, सोनेरी पाटीचा तर फार येतो.

पण मी जेव्हा मध्येच भांडी आपटते आणि मुलगी विचारते, "आई, काय झालं गं?", तेव्हा मला आठवत असतं ते वेगळंच. काका तो विनोद बोलले तेव्हा सगळे हसले, आणि हातावरचा पेढ्याचा चुरा झटकत मीपण हसले.